घरगुती कारणास्तव

६ जानेवारी

बेअरिंगवाल्यांनी दिलेली डायरी यंदा मीच ठेवून घेतली. एरवी ती ह्यांच्याकडे जाते आणि हे तिच्यात दुधाचे खाडे मांडतात. यंदा मला लिहायला कारण आहे. आज कंपनीच्या नोटीस बोर्डावर माझं नाव लागलं. अंतर्गत तक्रार समितीची अध्यक्ष. बायकांच्या तक्रारी ऐकणारी ही समिती कायद्याने ठेवावीच लागते, अध्यक्ष बाईच लागते आणि तीही जुनी. अंबडच्या आमच्या कारखान्यात माझ्याइतकी जुनी बाई दुसरी नाही. तेहतीस वर्षांपैकी बत्तीस टाइम ऑफिसच्या खिडकीत गेली. हजेरी, रजा, गेटपास, लाइन बदलायचे अर्ज, सगळं माझ्या हातून जातं.

आणि नीट जातं. मुली अर्जात रामायण लिहून आणतात. मी परत लिहायला लावते: "घरगुती कारणास्तव लाइन बदलून मिळावी." एक ओळ. साहेब वाचतात, सही करतात, सगळे मोकळे. माझ्या आधीच्या क्लार्कने, भिकाभाऊंनी, हे मला शिकवलं. रामायणाचे कागदही मी टाकून देत नाही. पाठकोरे कागद चिमट्याला लावते, मागच्या बाजूला भाजीची यादी होते. एचआरचे संतोष साहेब हसतात. हसू देत.

पहिलं काम हजरच आहे. परवा तीन नंबर लाइनवरची एक मुलगी स्टोअरच्या माळ्यावरून रडत खाली आली म्हणे, बरोबर माल चढवणारा एक बिहारी लोडर. दिवसभर सगळ्या बायका त्यावरच बोलत होत्या. त्या लोकांच्यात बाईला किंमतच नाही, त्यांच्यावर संस्कारच तसे, वगैरे. मलाही तसंच वाटतं. बिचारी पोर. ठेकेदाराने त्याला त्याच संध्याकाळी काढून टाकलं. बरं झालं.

८ जानेवारी

ती मुलगी आज खिडकीत आली. पायल, वय बावीस, हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. चुंचाळ्यात तीन मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. दोन पानी तक्रार लिहून आणली होती.

मी म्हटलं, "घाबरू नकोस, त्या लोडरला काढलंय."

"तो नाय मॅडम. त्यानं तर मला खाली आणलं, पाणी दिलं. गोरक्ष सर होते."

तीन नंबरचा सुपरवायझर. त्याने तिला लेबलचे रोल आणायला माळ्यावर पाठवलं, मागून स्वतः गेला, दार लोटलं आणि तिला धरलं. लोडर खोकी घेऊन वर आला म्हणून सुटली. असं तिने लिहिलंय.

गोरक्ष आमच्या निफाडकडचा. मला ताई म्हणतो. ह्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा त्याने तीन वेळा स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. मी तिला तीनदा विचारलं, नीट आठवून लिहिलंस ना? एखाद्याच्या संसाराचा प्रश्न असतो. ती तिन्ही वेळा हो म्हणाली. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

१२ जानेवारी

सुट्टीचा दिवस प्रश्न काढण्यात गेला. आयत्या वेळी धांदल मला आवडत नाही. पायलसाठी एकोणीस निघाले, गोरक्षसाठी चार. माळ्यावर एकटी का गेली, दार उघडं ठेवलं का, ओरडली का, त्याआधी त्याच्याशी हसून बोलणं होतं का, मोबाइलवर मेसेज होते का, यापूर्वी त्रास झाला असेल तर त्याच वेळी का सांगितलं नाही. काही सुटायला नको.

तेजलने कागद वाचला. माझी लेक बँकेत आहे, तिला सगळ्यातलं कळतं. म्हणाली, "आई, लोडर होता तेव्हा तुला एकही प्रश्न पडला नव्हता. ती माळ्यावर का गेली हेही तू विचारलं नाहीस."

मी म्हटलं, तेव्हा चौकशी नव्हती. हिने वकिली करायला हवी होती.

मी कुणाचा पक्ष घेत नाही. असल्या गोष्टी मला कळत नाहीत असंही नाही. ब्याण्णव साली मी पॅकिंगमध्ये लागले, तिथल्या एका साहेबाचं वागणं बरं नव्हतं. मी बोभाटा केला नाही. भिकाभाऊंकडे गेले, त्यांनी ओळ सांगितली, मी लिहिली, पुढच्या महिन्यात टाइम ऑफिसला आले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते म्हणायचे. तो साहेब रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली. पॅकिंगच्या बाजूच्या जिन्याने मी अजून जात नाही, कँटीनला वळसा घालून जाते. तेवढंच चालणं होतं.

१६ जानेवारी

शेजारी हळदीकुंकू होतं. आमच्या इंदिरानगरात बातमी अंबडहून माझ्याआधी पोचते. मी तोंड उघडलं नाही, गुप्ततेची सही केली आहे. पण बोलणाऱ्यांना मी कशाला लागते? गेल्या आठवड्यात ज्या बिहाऱ्यांना शिव्या घालत होत्या त्याच आज म्हणाल्या, त्या डोंगराकडच्या पोरी मोकळ्याच असतात, जत्रेत पोरांच्या हातात हात घालून नाचतात, त्यांच्यात त्याचं काही वाटत नाही, मग शहरात आल्यावर माणसाचा गैरसमज होतो. कुणीतरी म्हणालं, "टाळी काही एका हाताने वाजत नाही."

मला त्यात तथ्य वाटलं. म्हणजे अगदी सगळं नाही. पण रीतिरिवाज वेगळे असतात हे खरंच ना? वाण म्हणून स्टीलची वाटी मिळाली, झाकणासकट. चांगली आहे.

२० जानेवारी

पहिली सुनावणी. मी, संतोष साहेब आणि बाहेरच्या सदस्य सावित्रीबाई. त्या रिटायर्ड मुख्याध्यापिका, आता महिलांच्या एका संस्थेचं काम करतात. कानाला यंत्र आहे. मला वाटतं त्यांना निम्मं ऐकू येत नाही, कारण त्या बोलतच नाहीत, नुसत्या बघत बसतात.

पायलने पहिल्या दहा प्रश्नांची उत्तरं सरळ दिली. ओरडलीस का, तर म्हणाली, "आवाज निघंना मॅडम." मग संतोष साहेबांनी यादीत नसलेलं मध्येच विचारलं, "तुमच्याकडे तर हे सगळं मोकळंच असतं ना? नाच, जत्रा?"

ती म्हणाली, "आमच्याकडं नाचताना कुणी हात धरला आन् पोरीनं सोडवून घेतला, तर तो परत नाय धरत."

सावित्रीबाईंनी यंत्र जरा नीट केलं आणि "पुन्हा सांग" म्हणाल्या. तिने पुन्हा सांगितलं. विषयाशी संबंध नाही म्हणून मी ते इतिवृत्तात घेतलं नाही.

अकरावा प्रश्न: यापूर्वी त्रास झाला होता, तर त्याच वेळी का सांगितलं नाही?

तिने माझ्याकडे पाहिलं. "सांगितलेलं. दिवाळी झाल्यावर अर्ज दिलेला. लाइन बदला म्हणून."

संतोष साहेबांनी फाइल काढली. अठरा नोव्हेंबरचा अर्ज आहे खरा. त्यांनी मोठ्याने वाचला: घरगुती कारणास्तव लाइन बदलून मिळावी. खाली सुपरवायझरचा शेरा: माणसं कमी आहेत, सध्या सोडता येणार नाही. "यात त्रासाचा शब्दही नाही," साहेब म्हणाले. ती परत माझ्याकडे पाहत राहिली, मग टेबलाकडे. मी लिहिलं, 'तक्रारदारास समाधानकारक उत्तर देता आले नाही.' मला तिची दयाही आली. पण कागदापुढे कोण काय करणार?

२३ जानेवारी

गोरक्षने घरी द्राक्षांची पेटी पाठवली. दरवर्षी पाठवतो, त्याच्या भावाचा बाग आहे. यंदा परत करायला हवी होती, पण ह्यांनी तोवर उघडली. तेजलने एकही मणी तोंडात घातला नाही. मी दोन घड खाल्ले आणि दिवसभर मला स्वतःचाच राग आला.

२७ जानेवारी

गोरक्षची सुनावणी. इस्त्रीचा शर्ट, हात जोडून. चार प्रश्न दहा मिनिटांत संपले. सगळं खोटं आहे म्हणाला. मुलीला काम जमत नाही, तो रागावला म्हणून तिने डूख धरला. जाताना मला म्हणाला, "ताई, तुम्ही मला ओळखताच."

सावित्रीबाईंनी विचारलं, "त्या लोडरचा जबाब कधी घ्यायचा?"

ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याचं नाव रामप्रवेश. ठेकेदाराकडून नंबर मिळाला, तो सिन्नरला दुसऱ्या कामावर आहे. फोनवर म्हणाला, "दरवाज़ा बंद था मैडम. लात मारके खोला. लड़की रो रही थी, साहब शर्ट ठीक कर रहे थे." हे आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "किसी ने पूछा नहीं. सीधा निकाल दिया."

माणूस चाळिशीचा आहे, दोन मुली आहेत. मागची पानं उलटून पाहिली. सहा तारखेच्या शेवटी मी 'बरं झालं' असं लिहिलंय. खोडावंसं वाटलं, पण खाडाखोड मी करत नाही.

३ फेब्रुवारी

आज सावित्रीबाई सुनावणी नसताना आल्या. म्हणाल्या, "तीन नंबरवरून बदली मागणाऱ्या मुलींचे चार वर्षांतले सगळे अर्ज बघू."

सात निघाले. सहा मंजूर, सातवा पायलचा. त्यांनी ते शाळेतल्या हजेरीसारखे एकेक वाचले. सातही वेळा तेच वाक्य.

"सात घरांत एकच कारण?"

मी म्हटलं, "तशी पद्धत आहे."

"कुणाची?"

"ऑफिसची."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "सिंधूताई, मी चाळीस वर्षं वह्या तपासल्या. सात मुलांचं उत्तर शब्दाला शब्द सारखं आलं, तर आम्ही मुलांना बोलावण्याआधी शोधायचो की सांगितलं कुणी."

मी अर्ज परत फाइलला लावले. चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही.

४ फेब्रुवारी

ओट्याशेजारच्या खिळ्यावर माझा चिमटा असतो. आज सगळा खाली घेतला आणि एकेक कागद उलटून पाहिला. रिक्षावाल्याचा नंबर, किराणा, डिसेंबरची लग्नं. खालून बारावा.

मागच्या बाजूला माझं अक्षर: मेथी, लिंबं दोन, ह्यांच्या गोळ्या, खोबरं.

पुढच्या बाजूला पायलचं: "गोरक्ष सर काम दाखवताना अंगाला हात लावतात. नको म्हटलं तर हसतात. सगळ्यांच्या समोर काय बोलू. मला काम सोडायचं नाही, काम मला आवडते. दुसरी लाइन द्यावी ही विनंती."

तारीख अठरा नोव्हेंबर.

मी हे तेव्हा वाचलं होतं का, असं स्वतःला विचारत बसले. वाचलं होतं. निम्मं वाचून मी तिला म्हटलं होतं, "बाई गं, असं लिहिलंस तर हा कागद पुढे सरकणार नाही आणि तुझंच नाव होईल. कारण थोडक्यात लिही." तिने विचारलं होतं, "मग काय लिहू?" आणि मी सांगितलं. वर समजूतदारपणे नवा कागदही दिला.

तो एका ओळीचा अर्ज त्याच्याच सहीला गेला. त्याने अडवला. ती आणखी दीड महिना तिथे उभी राहिली.

५ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला, जे फारसं घडत नाही. "रिटायरमेंटला तीन वर्षं राहिलीत तुझी," म्हणाले. "आणि कागद तर आपल्या घरात आहे." म्हणजे काय ते मला कळलं. काल शेगडीपाशी उभी असताना माझ्याही मनात तेच आलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. इकडे गोरक्ष, ह्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या, माझं तेहतीस वर्षांचं नाव. माझ्या फाइलीत चूक सापडत नाही म्हणून साहेब मला सगळ्यांपुढे नावाजतात.

तेजलने कागद दोन्ही बाजूंनी वाचला. मला वाटलं आता ऐकवेल. ती एवढंच म्हणाली, "मेथी आणली होतीस?"

आणली होती. निवडून भाजीही केली होती त्या दिवशी.

मला फार लाज वाटली. ती अजून वाटते आहे, म्हणून लिहून ठेवते.

७ फेब्रुवारी

समितीच्या अध्यक्षपदावरून मोकळं करावं असा अर्ज लिहायला बसले. पेन आपोआप 'घरगुती' लिहून गेलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मी माझा कागद फाडला.

दुसऱ्या कागदावर कारण लिहिलं. तक्रारदाराचा पहिला अर्ज मी बदलून घेतला, म्हणून मी या प्रकरणात साक्षीदार आहे, अध्यक्ष राहू शकत नाही. मग बाकीच्या सहा जणींचं आलं. त्यांच्या कागदांचं काय केलं ते आठवत नाही, बहुधा याद्या होऊन केरात गेले, पण ओळ मीच सांगितली हे पक्कं आठवतं. तेही लिहिलं. कागद भरला. उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहीत गेले.

संतोष साहेबांनी वाचला आणि हळूच म्हणाले, "सिंधूताई, एवढं कशाला? थोडक्यात लिहा ना. प्रकृतीचं कारण द्या."

मी म्हटलं, "असाच घ्या. आणि पोच द्या."

१४ फेब्रुवारी

माझी साक्ष झाली. अध्यक्ष आता क्वालिटीच्या मॅडम आहेत. मी टेबलाच्या अलीकडे बसले. तिथून खिडकीचा उजेड थेट डोळ्यांवर येतो, हे मला ठाऊक नव्हतं. तिच्या सुनावणीला पायल तिथेच बसली होती.

कागद दाखवला. मेथीच्या बाजूनेही दाखवला, कारण सावित्रीबाईंनी मागितला. नव्या मॅडमनी माझीच यादी समोर ठेवली होती, तिच्यातून अकरावा प्रश्न विचारला. "तुम्हाला नोव्हेंबरात माहीत होतं, तर त्याच वेळी का सांगितलं नाही?"

मी म्हटलं, "मला तो त्रास वाटलाच नाही. असं होतंच, आणि मुलीने बाजूला व्हायचं असतं, असं मी धरून चालले."

"असं कुणी शिकवलं?" सावित्रीबाईंनी विचारलं.

त्यांना चांगलं ऐकू येतं, हे आता कळलंय. मी भिकाभाऊंचं नाव घेणार होते. पण भिकाभाऊंनी फक्त ओळ सांगितली होती. त्यांच्याकडे मी कशामुळे गेले ते वेगळं होतं. मी पॅकिंगच्या त्या साहेबाचं नाव घेतलं. माळा नव्हता तेव्हा, जिन्याखालची खोली होती. ह्यांनाही मी हे सांगितलेलं नाही.  सावित्रीबाईंनी क्वालिटीच्या मॅडमना म्हटलं, "हे इतिवृत्तात घ्या. आणि त्या मुलीचं नाचाचं वाक्यही घ्या."

२४ फेब्रुवारी

अहवाल गेला. पायलची तक्रार खरी धरली, गोरक्षला नोकरीवरून काढावं अशी शिफारस केली, व्यवस्थापनाने ती मानली. मला लेखी ताकीद मिळाली. पहिलीच. माझ्या फाइलीत मी स्वतःच लावली, क्रमांक घालून. रामप्रवेशला ठेकेदाराने परत बोलावलं, तर तो म्हणाला, "अब नहीं आएँगे." त्याला तरी काय म्हणणार? इंदिरानगरात काहीजणी माझ्याशी बोलत नाहीत. आपल्याच माणसाला तोंडघशी पाडलं म्हणतात.

कँटीनला जाताना पॅकिंगच्या जिन्यापर्यंत गेले. चढले नाही. उद्या बघू.

३ मार्च

पायल खिडकीत आली. मी विचारलं, आता तरी दुसरी लाइन हवी का? म्हणाली, "मी कशाला जाऊ? माझं काम तिथंच हाय." आली होती रजेच्या अर्जासाठी. पान भरून लिहिलं होतं: "तक्रार दिल्यापासून झोप येत नाही. पाड्यावर लोक काय काय बोलतात ते आई फोनवर सांगत नाही पण मला कळते. आईला समोर बसून सगळं सांगायचं आहे. म्हणून दोन दिवस रजा द्यावी."

वाचून झाल्यावर मी वर पाहिलं. ती पेन हातात धरून उभी होती. दुसऱ्या कागदासाठी वाट बघत होती.

मी तारखेचा शिक्का मारला, पोच दिली आणि अर्ज होता तसा फाइलला लावला.